रोजच्या माणसांचे फोटो

दिवाळी जवळ आली, की घराघरांतून दोन कामे एकदम निघतात. एक माळ्यावरचे डबे खाली काढण्याचे आणि दुसरे फराळ, रांगोळी, आकाशकंदील, नवे कपडे या सर्वांचे फोटो काढण्याचे. पहिल्या कामाला घरात माणूस मिळत नाही. दुसऱ्याला हवी तितकी मिळतात! चकली कढईतून ताटात पडते न पडते तोच चार बाजूंनी चार हात पुढे येतात, आणि त्यांतला एकही हात चकलीसाठी नसतो.

ही हौस वाईट आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. सणासुदीला घर सजले, माणसे जमली, तर ती आठवण धरून ठेवावीशी वाटणे साहजिकच आहे. मात्र मला दर दिवाळीला एक प्रश्न पडतो. एवढे फोटो निघतात, मग नेमका बरा फोटो हवा असला म्हणजे तो सापडत का नाही?

या सदरातून आपण घरातल्या लहानसहान गोष्टींविषयी नेहमीच बोलत असतो. आज दिवाळीनिमित्त जागा थोडी अधिक मिळाली आहे, तेव्हा याच प्रश्नाविषयी बोलावे म्हणते. मी काही धंदेवाईक फोटोग्राफर नव्हे. पण आमच्या इमारतीत बारसे असो, मुंज असो, नाहीतर कोणाच्या मुलाचे परदेशी जाणे असो, "काकू, तेवढा कॅमेरा घेऊन या हं!" असा निरोप गेली पंधरा-सोळा वर्षे येत आहे, आणि करून करून हात बसला आहे. माझ्याजवळ आहे तो पर्समध्ये मावणारा साधा डिजिटल कॅमेरा. शिवाय सर्वांजवळ असतो तसा मोबाइल. पुढे सांगते आहे ते दोहोंनाही सारखेच लागू आहे.

आमच्या लहानपणी फोटो ही जपून खर्च करावयाची वस्तू होती. चौकोनी फोटो देणाऱ्या त्या पेटीवजा कॅमेऱ्यात 120 नंबरचा रोल बसे आणि त्यात अवघे 12 फोटो निघत. पुढे 35 मिलिमीटरचा रोल आला, तेव्हा 36 फोटोंची चैन झाली. गणपतीत घातलेला रोल दिवाळीपर्यंत पुरवावयाचा, आणि शेवटी उरलेले दोन फोटो "संपवून टाकू एकदाचे" म्हणून मांजराचे काढावयाचे! रोल धुऊन येईपर्यंत आठ दिवस जीव टांगणीला. त्या महागाईचा एक गुण मात्र होता. बटण दाबण्यापूर्वी माणूस क्षणभर थांबे आणि बघे.

ही काटकसर ज्या यंत्राने संपवली, त्याचा जन्म 1975 सालचा. अमेरिकेत कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने फिल्मवाचून चालणारा पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोंहून अधिक. आडवे शंभर आणि उभे शंभर, असे एकंदर दहा हजार ठिपक्यांचे काळेपांढरे चित्र तो टिपी, आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरवावयास त्याला तेवीस सेकंद लागत. आज साध्या मोबाइलमध्येही एक कोटी वीस लाख ठिपक्यांचे चित्र निमिषार्धात उमटते. यंत्र एवढे पुढे गेले. बघण्याची सवय मात्र वाटेत कोठेतरी सांडली.

याचा प्रत्यय मला गेल्या श्रावणात आला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांच्या मातोश्री गेल्या. वय झाले होते, पण शेवटपर्यंत हिंडत्याफिरत्या होत्या. दुसऱ्या दिवशी चिरंजीव मोबाइल घेऊन वर आले. म्हणाले, "काकू, आईचा एक बरा फोटो शोधून द्या ना. पेपरात द्यायचा आहे, आणि तेराव्याला मोठा करून ठेवायचा आहे. मला काही सुचत नाही."

आम्ही दोघे तासभर बसलो. फोटो हजारोंनी होते. हॉटेलातल्या बश्या होत्या, सहलीतले डोंगर होते, नातवाच्या वाढदिवसाचा एकच केक तीस वेळा होता. आजीही होत्या, नाही असे नाही, पण कशा? एका फोटोत हातात ताट घेऊन चौकटीबाहेर निघालेल्या. दुसऱ्यात केकमागे अर्ध्या झाकलेल्या. तिसऱ्यात फ्लॅशने डोळे मिटलेले. लग्नाच्या हॉलमधल्या फोटोत व्यासपीठावर दहा माणसांच्या ओळीत, कोणीतरी "हसा" म्हटल्यामुळे ताठ झालेल्या. चिरंजीव बोटाने एकेक फोटो पुढे सरकवीत होते, आणि थोड्या वेळाने त्यांचे बोट थांबले. "काकू, आई रोज घरातच होती हो," एवढेच ते म्हणाले.

शेवटी फोटो मिळाला तो त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने सहज म्हणून काढलेला. आजी खिडकीपाशी पाटावर बसून कोथिंबीर निवडीत होत्या, नातीने हाक मारली आणि "कशाला ग काढतेस माझा फोटो?" असे म्हणत त्यांनी मान वर केली. रागही नाही आणि हसूही नाही. दोहोंच्या मधले काहीतरी. त्यांना ओळखणाऱ्या प्रत्येकाने तो फोटो पाहून मान हलविली. आजी अशाच होत्या.

आता त्या मुलीला कॅमेऱ्यातले काय कळत होते? काहीही नाही. पण चांगल्या फोटोला ज्या चारपाच गोष्टी लागतात, त्या सर्व तिथे आपोआप जुळून आल्या होत्या. त्या कोणत्या ते पाहिले, म्हणजे आपल्यालाही ठरवून जुळविता येतील.

पहिली गोष्ट उजेड. आजी खिडकीपाशी होत्या. घरातल्या फोटोला खिडकीसारखा दुसरा सोबती नाही, आणि तो फुकट आहे. ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, नुसता मोकळा उजेड येतो, तिच्यापासून दोनतीन फुटांवर माणसाला बसवावे. खिडकी त्याच्या एका बाजूस असावी. चेहऱ्याची एक बाजू उजळते, दुसरीवर हलकी सावली पडते, आणि नाक, गाल, सुरकुत्या यांना उठाव येतो. खोलीतली ट्यूबलाइट त्या वेळी बंद करावी. दिवसाचा उजेड एका रंगाचा, दिव्याचा दुसऱ्या. दोन्ही एकत्र आले, की चेहरा अर्धा निळसर आणि अर्धा पिवळट दिसू लागतो.

करू नये ते एवढेच, की माणसाला खिडकीकडे पाठ करून बसवू नये. कॅमेरा मागचा झगझगीत उजेड पाहतो, त्या हिशेबाने चित्र आवरते घेतो, आणि चेहरा कोळशासारखा काळा येतो. बसविण्याला इलाजच नसेल, तर मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवावे. यंत्र मग चेहऱ्याच्या हिशेबाने उजेड धरते. उलट प्रकारही होतो. पांढरे शुभ्र धोतर किंवा पांढरी भिंत चौकटभर असली, तर कॅमेरा ती राखाडी करून टाकतो. बिचाऱ्याला रंग कळत नाहीत. सगळे जग मध्यम उजेडाचे आहे, अशी त्याची समजूत करून दिलेली असते. बोट टेकविल्यावर बाजूला सूर्याचे लहानसे चित्र दिसते, ते थोडे वर सरकविले की पांढरे पुन्हा पांढरे होते. कॅमेऱ्यात यासाठी अधिक-उणे अशी खूण असलेले बटण असते.

बाहेर काढावयाचे असतील, तर भर बारा वाजता अंगणात माणसांना रांगेत उभे करू नये. सूर्य डोक्यावर असतो, डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात, आणि सगळे कुटुंब जागरण करून आल्यासारखे दिसते. त्यापेक्षा झाडाची, गॅलरीची किंवा जिन्याच्या तोंडाशी असलेली सावली पाहावी. सकाळी नऊच्या आत आणि सायंकाळी सूर्य कलल्यावर उजेड मऊ असतो. आमच्याकडच्या मुंजीत मी भटजींच्या मुहूर्ताला हात लावत नाही, पण घरच्या मंडळींचा फोटो मात्र सकाळीच उरकून घेते.

दुसरी गोष्ट अंतर. मोबाइलचे नेहमीचे भिंग पुष्कळ मोठा प्रदेश चौकटीत घेणारे असते. त्यामुळे चेहरा मोठा यावा म्हणून आपण हातभर अंतरावर जातो, आणि मग नाक पुढे येते व कान मागे जातात. पुष्कळ भगिनी म्हणतात, "माझा फोटोच चांगला येत नाही." त्यांचा चेहरा उत्तम असतो, फोटो काढणारा फार जवळ आलेला असतो. एकट्या माणसाचा फोटो काढताना पाचसहा फूट दूर उभे राहावे आणि कॅमेऱ्याचे झूम मध्यावर आणावे. मोबाइलला लांबचे दाखविणारे दुसरे भिंग असेल, तर ते वापरावे. मात्र बोटांनी पडदा ताणून खूप मोठे करू नये. ते खरे झूम नव्हे. चित्राचा तुकडा कापून फुगवलेला असतो.

या अंतराबरोबरच उंचीचाही विचार करावा. ती मुलगी नऊ वर्षांची, आजी पाटावर. तेव्हा दोघींचे डोळे एका पातळीत होते. आपण मुलांचे फोटो उभ्याने काढतो, आणि मुलाचे डोके मोठे, पाय आखूड असे काहीतरी चित्र येते. रांगत्या मुलाचा फोटो काढावयाचा तर जमिनीवर बसावे, प्रसंगी पालथे पडावे. गुडघे कुरकुरतात हे मला ठाऊक आहे. पण फोटो पाहिल्यावर विसरतात.

तिसरी गोष्ट मागची बाजू. आजींच्या मागे साधी भिंत होती. आपल्या दिवाणखान्यात मात्र कालदर्शिका असते, टीव्ही असतो, वाळत घातलेला पंचा असतो आणि वर पंखा असतो. फोटो काढताना आपले डोळे माणसावर खिळलेले असतात, म्हणून हे काही दिसत नाही. पुढे चित्रात पाहावे तो मामांच्या डोक्यातून पंख्याचे पाते उगवलेले! यावर उपाय अगदी सोपा आहे. बटण दाबण्यापूर्वी चौकटीच्या चारी कडांवरून एकदा नजर फिरवावी आणि अर्धे पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरावे. पण एक सांगते, पसारा सगळाच हाकलून देऊ नये. आजोबांच्या आरामखुर्चीजवळचा रेडिओ, आईच्या हाताशी असलेला मिसळणाचा डबा, अभ्यासाच्या टेबलावरचे कोरलेले नाव, या गोष्टी माणसाइतक्याच त्या घराच्या असतात. वीस वर्षांनी याच वस्तू पाहून डोळे भरून येतील.

चौथी गोष्ट वेळ साधणे. "हसा!" म्हटले की मराठी माणूस गंभीर होतो, हा माझा नेहमीचा अनुभव. म्हणून माणसाला कामात असू द्यावे. भाजी निवडणारी, पेपर वाचणारी, सुईत दोरा ओवणारी माणसे सहज असतात. हाक मारावी, मान वर होते, तोच क्षण धरावा. लहान डिजिटल कॅमेऱ्यात बटण दाबल्यावर चित्र टिपले जाईपर्यंत किंचित वेळ जातो, आणि तेवढ्यात हसू मावळते. त्यासाठी बटण आधी अर्धे दाबून धरावे. कॅमेरा अंतर जुळवून तयार राहतो, आणि पुरते दाबताच चित्र मिळते. मुले धावत असतील, तर भरपूर उजेडात काढावे. सेकंदाच्या अडीचशेव्या भागात टिपलेले मूल बरेचसे स्पष्ट येते. संध्याकाळच्या अंधारात कॅमेऱ्याला पंधराव्या भागापर्यंत थांबावे लागते, आणि तेवढ्यात बाळ पलंगावरून दारापर्यंत पोचलेले असते.

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे नाव नेमका क्षण टिपण्याबद्दल जगभर घेतले जाते. ते लहानसा कॅमेरा आणि बहुधा एकच भिंग घेऊन हिंडत, आणि फ्लॅशचा त्यांना तिटकारा होता. पण इतके दूर तरी कशाला जावे? होमाई व्यारावाला या आपल्या देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. 1913 साली नवसारीला जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या. स्वातंत्र्याच्या काळातल्या मोठमोठ्या पुढाऱ्यांचे त्यांनी काढलेले फोटो सर्वांना ठाऊक आहेत. पण त्याआधी, मुंबईत असताना, त्यांनी कलाशाळेतल्या मैत्रिणी आणि शहरातले रोजचे जीवन टिपले होते, आणि त्यांतले पुष्कळ फोटो त्या वेळी पतीच्या नावाने छापले गेले. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या. आज ते मुंबईतले फोटो पाहताना पुढाऱ्यांच्या फोटोंइतकेच गुंतून जायला होते. कारण त्या पोरी, त्या साड्या, ते रस्ते दुसऱ्या कोणी मुद्दाम टिपून ठेवावयाचे कारणच नव्हते.

आता दिवाळीच्या रात्रीविषयी, कारण खरी फसगत तिथेच होते. पणत्यांची ओळ मांडलेली असते, आणि फोटोत पाहावे तर पणत्या निस्तेज, पुढची फरशी पांढरीफेक आणि मागे काळोख. हा फ्लॅशचा पराक्रम. लहान कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा उजेड दहाबारा फुटांपलीकडे फारसा पोचत नाही. अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणून पुढच्या रांगेतला भाऊ भुतासारखा पांढरा आणि मागच्या रांगेतली आत्या गायब! पणत्यांच्या फोटोला फ्लॅश बंदच करावा. कॅमेरा हातात न धरता स्टुलावर, पुस्तकांच्या चळतीवर किंवा फराळाच्या डब्यावर ठेवावा आणि दोन सेकंदांनी आपोआप बटण दाबले जाण्याची जी सोय असते ती लावावी. म्हणजे बोटाचा धक्काही लागत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुरता काळोख पडण्याची वाट पाहू नये. दिवाळीच्या दिवसांत मुंबई-पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतरची पंधरावीस मिनिटे आकाश गडद निळे असते आणि दिव्यांचे तेजही दिसू लागलेले असते. आकाशकंदिलाचा फोटो काढावा तो याच वेळी. पणतीच्या उजेडात एखाद्याचा चेहरा हवा असेल, तर एका पणतीने भागत नाही. पाचसहा पणत्या एकत्र मांडाव्यात आणि माणसाने त्यांच्यामागे, पदर व ओढणी सांभाळून, थोडे अंतर राखून बसावे. फुलबाजी उडविणाऱ्या मुलाचा फोटो घेताना कॅमेऱ्याकडे पाहण्याच्या नादात मुलावरची नजर काढू नये. शेजारी दुसरे मोठे माणूस असल्याशिवाय मी तो फोटो काढतच नाही.

रांगोळीचा फोटो सर्वजण पुरी झाल्यावर काढतात. तो अवश्य काढावा. स्टुलावर चढून, कॅमेरा जमिनीला समांतर धरून आणि आपली सावली तिच्यावर पडू न देता. पण त्याआधी एक काढावा: चिमटीतून रंग सोडणाऱ्या हाताचा. रांगोळ्या दरवर्षी नव्या येतात. हात मात्र तेच, आणि ते दरवर्षी थोडेथोडे बदलत असतात.

हे सर्व करण्यापूर्वी एक काम करावे, म्हणजे निम्मे फोटो आपोआप सुधारतील. भिंग पुसावे! मोबाइल आपल्याबरोबर स्वयंपाकघरात वावरतो. बेसनाचे, तेलाचे बोट भिंगावर लागते, आणि मग प्रत्येक दिव्याभोवती धुके दिसते. धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती कापडाने हलक्या हाताने पुसले, की पुष्कळांचा "नवा घ्यायला झाला आहे" हा विचार मागे पडतो. नव्या खरेदीच्या वेळीही ठिपक्यांच्या आकड्यांना भुलू नये. पोस्टकार्ड साइजचा, म्हणजे सहा इंच बाय चार इंचांचा उत्तम फोटो छापावयास इंचाला तीनशे ठिपके या हिशेबाने साडेएकवीस लाखांच्या आसपास ठिपके पुरतात. कपाटात पडून असलेला दहापंधरा वर्षांपूर्वीचा डिजिटल कॅमेराही एवढे सहज देतो. हल्लीची तरुण मुले तेच जुने कॅमेरे हौसेने शोधून वापरू लागली आहेत, हे पाहून मला तर गंमत वाटते. तुमच्या कपाटात असेल तर बॅटरी चार्ज करून पाहा. फक्त आतली तारीख आधी नीट लावा. पुष्कळ दिवस पडून राहिलेला कॅमेरा तारीख विसरतो, आणि मग यंदाची भाऊबीज भलत्याच सालात जाऊन बसते.

फोटो निघाला, पण राहिला पाहिजे. मोबाइल पडतो, हरवतो, बिघडतो. तेव्हा निवडक फोटोंच्या तीन प्रती असाव्यात: एक मोबाइलमध्ये, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या गावी भावाकडे किंवा लेकीकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठविलेला फोटो आकसतो, आणि त्याबरोबरची तारीखही गळते. म्हणून ठेवणीतले फोटो तिथून पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. महिन्याच्या शेवटी अर्धा तास बसून दहा फोटो निवडावे. वर्षाचे एकशेवीस होतात. त्यांतले चाळीस छापून घ्यावेत आणि अल्बममध्ये लावावेत. चिकट पानांचा अल्बम टाळावा. त्याचा डिंक काही वर्षांनी फोटो खातो. खिशांची पाने बरी. आणि प्रत्येक फोटोखाली नाव, गाव, साल लिहावे. फोटोच्या पाठीवर बॉलपेन दाबून लिहू नये, अक्षरे पुढे उमटतात. "हे कोण?" असे नातवंडांनी विचारले आणि सांगणारे कोणी उरले नाही, की चांगला फोटोही मुका होतो.

आणखी दोन गोष्टी शिष्टाचाराच्या. कामाला येणाऱ्या मावशी, इस्त्रीवाले, पहारेकरी हीसुद्धा आपल्या रोजच्या दिवसातली माणसे आहेत. त्यांचा फोटो विचारून काढावा आणि छापील प्रत त्यांना द्यावी. मी एकदा आमच्या मावशींना तसा फोटो दिला, तर त्यांनी तो पिशवीत घालण्यापूर्वी दोनदा पदराने पुसला. दुसरी गोष्ट, घरच्या म्हाताऱ्या माणसांचे आणि मुलांचे फोटो साऱ्या जगाला दाखवावयाचे, की घरापुरते ठेवावयाचे, हे त्यांना विचारल्यावाचून ठरवू नये. नऊ वर्षांच्या मुलालाही लाज असते.

शेवटी, या दिवाळीसाठी एक लहानसा नेम सुचविते. हवे तेवढे फोटो काढा, पण पाच फोटो ठरवून काढा. नरकचतुर्दशीला पहाटे, उटणे लावणाऱ्या हातांचा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, आकाश निळे असताना, दारातल्या कंदिलाचा आणि खाली उभ्या असलेल्या माणसांचा. भाऊबीजेला ओवाळणाऱ्या बहिणीचा नव्हे, तर ओवाळून घेणाऱ्या भावाच्या चेहऱ्याचा. चौथा, घरातल्या सर्वांत वडील माणसाचा, एकट्याचा, खिडकीपाशी, त्याच्या रोजच्या कामात. तो "नंतर काढू" म्हणून पुढे ढकलू नका.

आणि पाचवा जो राहिला, तो पाडव्याला. ज्या घरात एकच माणूस सगळ्यांचे फोटो काढते, त्या घरच्या अल्बममध्ये ते माणूस कोठेच नसते. बहुधा ती आई असते किंवा बाबा. त्या दिवशी कॅमेरा मुलांच्या हाती द्यावा आणि आपण चौकटीत जाऊन बसावे. केस नीट नाहीत, साडी साधी आहे, असली कारणे सांगू नयेत. मुलांना आपण तशाच आठवणार आहोत.

चला, कढईतले तेल तापले असेल. दिवाळी आनंदाची जावो. भिंग पुसून ठेवा!